छतातली बाराखडी

सपाटे हे त्याचं आडनाव नव्हतं. त्याच्या कामाचा सपाटा पाहून लोकांनी ते त्याला चिकटवलं होतं, आणि त्यालाही ते इतकं आवडलं की दुकानाच्या पाटीवर आणि मोटरसायकलच्या डिकीवरसुद्धा त्यानं तेच रंगवून घेतलं. ऑफिसात टेलिफोन बसवायचे म्हणजे सपाटे मिस्त्री. दुसऱ्याला आठवडा लागेल ते काम हा दोन-तीन दिवसांत उरकायचा. वायरी कशा गेल्यात हा प्रश्न त्याच्या लेखी फिजूल होता. छताच्या वर बघायला जातंय कोण? फोन लागला, आवाज खणखणीत आला, कागदावर सही घेतली की शिडी उचलून चालू लागायचं.

जहाजानं येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका तिमजली ऑफिसाचं काम त्याला मिळालं ते या सपाट्यामुळेच. तिथली पस्तीस वर्षांची, पिवळी पडलेली बटणांची यंत्रं काढून नवी की-टेलिफोन यंत्रणा बसवायची होती. बाहेरच्या चार लाइनी आणि आत सव्वीस फोन. प्रत्येक फोनवर चार बटणं, प्रत्येक बटणाशेजारी मण्याएवढा दिवा. बाहेरून फोन आला की सगळ्या फोनांवर तो दिवा लुकलुकणार, कुणी उचलला की स्थिर होणार, आणि कुणी 'जरा थांबा हं' म्हणून लाइन धरून ठेवली की सावकाश मिचमिचणार. ज्याच्यासाठी फोन असेल त्यानं आपल्या जागेवरून ते बटण दाबायचं आणि बोलायला लागायचं. या सगळ्याचा मेंदू एका पेटीत, आणि ती पेटी जिन्याखालच्या भिंतीवर.

"शुक्रवारी पाचपर्यंत जुने फोन चालले पाहिजेत आणि सोमवारी नऊला नवे वाजले पाहिजेत," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"म्हणजे मधे दोन दिवस," सपाटे म्हणाला. "पुष्कळ झाले."

त्याचा बेत सोपा होता. जुनी केबल दिसेल तिथे कापायची, नवी भिंतीच्या कडेकडेनं ठोकत न्यायची. शुक्रवारी दुपारी अंदाज घ्यायला म्हणून त्यानं पहिल्या मजल्यावर शिडी लावली, छताची एक फळी सरकवली आणि डोकं आत घालून टॉर्च मारला.

टॉर्च तसाच धरून तो शिडीची आणखी एक पायरी चढला.

जाड करड्या केबली एकमेकींना कुठेही न ओलांडता शेजारी शेजारी निजल्यासारख्या पसरल्या होत्या. वीत-वीत अंतरावर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ, आणि सगळ्या गाठींची तोंडं एकाच बाजूला. वळणावर केबल मुडपलेली नव्हती, कोपरात हात वळावा तशी वळली होती. जिथे फाटा फुटे तिथे हातभर केबल जास्तीची ठेवून तिचं वेटोळं बांधलेलं होतं, पुढेमागे कुणाला टेबल सरकवावंसं वाटलं तर. आयुष्यात त्यानं शेकडो छतं उघडली होती. उंदरांची घरटी पाहिली होती, कुजलेल्या वायरींची झिपरी पाहिली होती, एकदा तर कुणाचा तरी जेवणाचा डबा सापडला होता. हे असलं काही पाहिलं नव्हतं.

त्यानं खिशातून मीटर काढलं आणि वायरींची एक जोडी तपासली. ठणठणीत. दुसरी तपासली, तीही तशीच. संध्याकाळपर्यंत चाळीस जोड्या झाल्या आणि एकीतही खोट निघाली नाही. नव्या यंत्रणेला प्रत्येक फोनमागे एकच जोडी लागणार होती आणि इथे तर जोड्या रग्गड होत्या. नवी केबल ओढायचं कारणच उरलं नाही. एक दिवस वाचला म्हणून सपाटे खूश झाला. पण घरी जाताना त्याच्या डोक्यात वाचलेला दिवस नव्हता, त्या गाठी होत्या.

शनिवारी ऑफिस बंद. दारं उघडायला म्हणून रेकॉर्ड मावशींना बोलावलं होतं. जुन्या कागदांच्या खोलीची चावी यांच्याकडे म्हणून हे नाव. नोकरीला लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या, आता निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांनी खुर्ची ओढली, विणकाम काढलं आणि शिडीशेजारी ठाण मांडलं.

सपाटेला आता कुठली केबल कुठल्या टेबलाची हे हवं होतं. प्रत्येक केबलीच्या टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, ओल लागू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवून काढलेली. त्यानं पहिली चिठ्ठी उजेडात धरली. तिच्यावर नाव नव्हतं. एक चष्मा काढला होता. दुसरीवर छत्री. तिसरीवर झुपकेदार मिशा.

"मावशी, हे काय? कुणा पोराचा खेळ आहे की काय?"

मावशींनी मान उंचावली. "काय काय काढलंय?"

"चष्मा, छत्री, मिशा. आणि ही... ही शेपटीसारखी काहीतरी."

"मिशा म्हणजे तपासनीस. कोपऱ्यातलं टेबल. छत्री म्हणजे आवकवाले आजोबा, बारा महिने खुर्चीला छत्री टांगलेली. आणा बघू ती शेपटी."

त्यानं चिठ्ठी खाली दिली. मावशींनी ती लांब धरली, जवळ धरली, आणि त्यांचा हात चटकन मानेमागे गेला, जिथे आता आखूड कापलेले पांढरे केस होते.

"अहो, ही शेपटी नाही. वेणी आहे. ही मी." त्या हसायला लागल्या. "कमरेच्या खाली जायची माझी वेणी. गोगल मिस्त्रीनं काढलीय ही."

"कुठला गॉगल?"

"गॉगल नव्हे हो, गोगल! मूळ गोगलगाय. त्यातली गाय गळली आणि गोगल उरलं. नवी माणसं काळा चष्मा शोधायची त्याच्या डोळ्यांवर. इतका हळू माणूस मी जन्मात पाहिला नाही. एवढ्याशा कामाला चार महिने! मोठे साहेब खालून ओरडायचे, 'अरे, जिवंत आहेस का वर?' हा वरून म्हणायचा, 'आहे साहेब,' आणि पुन्हा तासभर चिडीचूप."

चित्रांचा उलगडा मावशी करत गेल्या आणि सपाटे फोन लावत गेला. एकही चित्र चुकीचं निघालं नाही. पण मजल्याच्या शेवटच्या टोकाला चिठ्ठ्या बदलल्या. चित्राच्या शेजारी अक्षरं आली. एकेकटी, थरथरत, प्रत्येकाच्या डोक्यावर पट्टी लावून मारलेली रेघ. मग 'नळ' असा शब्द आला, हात धुवायच्या जागेजवळच्या टेबलासाठी. मग 'वर', जिन्याकडे जाणाऱ्या केबलीवर.

दुसऱ्या मजल्यावरच्या गाठी तर पहिल्याहूनही रेखीव; सपाटे दहा मिनिटं त्यांच्याकडेच बघत राहिला. चित्रं इथे विरळ झाली. 'जावक'. 'टपाल'. 'रोखपाल'. 'खिडकीजवळ'. अक्षरं मोठी होती, एकमेकांपासून फटकून उभी होती, पण आता कापत नव्हती. एका चिठ्ठीवर 'लहान' लिहून पुढे गळपट्टा, म्हणजे टाय, काढला होता.

"लहान गळपट्टा?" सपाटेनं विचारलं.

"लहान साहेब. म्हणजे उपव्यवस्थापक," मावशी म्हणाल्या. "पण नुसतं लिहायचं की! चित्र कशाला?"

सपाटे शिडीवरच बसला. 'रोखपाल' लिहिता येतं आणि 'उपव्यवस्थापक' येत नाही. त्यानं आतापर्यंत वाचलेले सगळे शब्द मनात आणले. एकातही जोडाक्षर नव्हतं. एकही नव्हतं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हा माणूस इथे वर बसून लिहायला शिकलाय."

मावशींच्या सुया थांबल्या.

रविवारी सपाटे दोन-दोन पायऱ्या घेत तिसऱ्या मजल्यावर चढला. एरवी तो आधी पेटीचं काम उरकून घेई; आज त्यानं आधी छत उघडलं. पहिल्याच चिठ्ठीवर 'मुख्य व्यवस्थापक' होतं. जोडाक्षरांसकट. खाली दोन रेघा मारलेल्या, जिंकल्यासारख्या. पुढे 'मुख्य व्यवस्थापकांचे मदतनीस', 'नकाशे व जुने दस्तऐवज', 'ही केबल गच्चीकडे जाते'. अक्षरं आता लहान झाली होती, हाताला हात धरून चालत होती. आणि शेवटच्या वेटोळ्यापाशी, तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर, चार अख्खी वाक्यं.

'ही जोडी कमजोर आहे. हिच्यावर फोन देऊ नये. नाइलाज झाला तर दुपारनंतर द्यावा. सकाळी भिंतीला ओल असते.'

सपाटेनं ते दोनदा वाचलं. वायरीबद्दल इतक्या मायेनं कुणी बोललेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

पण सवय ती सवय. मॅनेजरसाहेबांना आपल्या केबिनबाहेरच्या मदतनिसासाठी आयत्या वेळी आणखी एक फोन हवा होता आणि हाताशी मोकळी तेवढी तीच जोडी होती. दुसरी शोधायची तर पाच-सहा फळ्या उघडाव्या लागल्या असत्या. दुपारचे चार वाजले होते. त्यानं मीटर लावलं, जोडी ठणठणीत. पस्तीस वर्षांपूर्वीची ओल आता कुठली राहायला, म्हणत त्यानं फोन जोडला. आवाज घंटेसारखा आला.

सोमवारी नऊला सगळ्या दिव्यांनी एकदम डोळे उघडले. माणसं आपापल्या टेबलाशी उभी राहून बघत राहिली. एक लाइन वाजली, सत्तावीस ठिकाणी एकच दिवा लुकलुकला, कुणीतरी बटण दाबलं आणि सत्तावीस ठिकाणी तो स्थिर झाला. आवकातल्या एकानं टाळी वाजवली. सपाटे सही घ्यायला तिसऱ्या मजल्यावर गेला तर मदतनीस फोन कानापासून हातभर लांब धरून बसलेला.

"यात कुणीतरी पापड भाजतंय," तो म्हणाला.

सपाटेनं फोन कानाला लावला. खर्रर्र. तो शिडी घेऊन आला, छतात शिरला आणि भिंतीला हात लावला. ओलीगार. पलीकडे न्हाणीघराची टाकी होती. रात्रभर भरून ती पाझरायची, आणि दुपारी ऊन आलं की भिंत वाळायची. पस्तीस वर्षं टाकी रोज भरत होती.

त्यानं ती चिठ्ठी पुन्हा हातात घेतली आणि पहिल्यांदाच उलटी करून पाहिली. मागे लिहिलं होतं, 'बदली हवी असल्यास डावीकडचे तिसरे वेटोळे सोडावे. त्यात दोन जोड्या राखून ठेवल्या आहेत.'

डावीकडचं तिसरं वेटोळं त्यानं सोडलं. दोन जोड्या होत्या. दहा मिनिटांत फोन स्वच्छ झाला. मॅनेजरसाहेबांनी सही केली, वर 'वा, तुमच्या कामाला तोड नाही' म्हणाले, आणि सपाटेला कधी नव्हे ती आपल्या कौतुकाची लाज वाटली.

"मावशी, गोगल मिस्त्री आहेत का हो अजून?"

"बर्फाच्या कारखान्यामागे राहायचे. चला, सुटल्यावर बघून येऊ."

होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, लहानखुरे, मोठ्या कानांचे. गुडघे गेलेले, म्हणून खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. नुकतीच कामावरून आली होती आणि आत चहा टाकत होती. मावशींना गोगल मिस्त्रींनी डोळे बारीक करून पाहिलं.

"वेणी?" ते म्हणाले.

"कापली," मावशी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

सपाटेनं येताना वाटेत पुष्कळ काही ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, मी तुमचं छत पाहिलं. तिन्ही मजले."

म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. "चिठ्ठ्या वाचल्यास?"

"सगळ्या."

"मग कळलं असेल तुला." त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याआधी लागायचंही नाही. केबल बघितली की कुठली कुठे जाते ते डोक्यात राहायचं. पण या कामाला वरून हुकूम आला, प्रत्येक केबलीला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. बाकीचे मिस्त्री लिहून मोकळे व्हायचे. माझं घोडं तिथेच अडलं. बोललो असतो तर हातचं काम गेलं असतं. मग चित्रं काढली. चित्रं काढू नका असं कुणी म्हटलं नव्हतं."

"आणि अक्षरं? ती कुणी शिकवली?"

म्हातारा गालात हसला. "घरी एक बाई होत्या ना शिकवायला. वय वर्षं सहा."

आत कपबशीचा आवाज थांबला. मुलगी दारात आली, हातात गाळणी तशीच.

"शाळेतून आली की मला भिंतीशी मांडी घालून बसवायची," म्हातारा सपाटेला सांगत होता. "स्वतः स्टुलावर. हातात फूटपट्टी. आज वर्गात जे झालं ते संध्याकाळी माझ्याकडून गिरवून घ्यायची. चुकलं की पट्टी. आणि मी दुसऱ्या दिवशी वर जाऊन तेच चिठ्ठीवर लिहायचो."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आपण शाळा-शाळा खेळायचो."

"तू खेळायचीस. मी शिकत होतो."

"तुम्हाला येतच होतं. तुम्ही मुद्दाम चुकायचात, मला बरं वाटावं म्हणून. मी सगळ्यांना असंच सांगत आलेय."

"मुद्दाम कशाला चुकेन? पट्टी लागायची की मला."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. सपाटेला मात्र एक गोष्ट विचारल्यावाचून राहवत नव्हतं. "पण काका, चार महिने?"

"अरे, तेच तर. दुसऱ्या मजल्यावर सगळं ठीक चाललं होतं. पुढे उपव्यवस्थापक, वर मुख्य व्यवस्थापक, आणि जोडाक्षरं झालेली नव्हती. लहान साहेबाला गळपट्ट्यावर भागवलं. पण मोठ्या साहेबाला चित्र कसं काढणार? मी हिला विचारलं, जोडाक्षरं कधी? ही म्हणाली, आमच्या बाई सहामाही परीक्षेनंतर घेणार आहेत. झालं! थांबलो."

"थांबलात म्हणजे?"

"तिसऱ्या मजल्यावर चढलोच नाही. पाच आठवडे. खालून साहेब ओरडतायत, वर काहीतरी चाललंय असं दिसायला तर हवं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. पुन्हा सोडल्या, पुन्हा बांधल्या. शेवटी शेवटी तर बऱ्या जमायला लागल्या."

सपाटेनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गाठी! शनिवारी त्यांच्याकडे बघत तो दहा मिनिटं उभा राहिला होता, आणि त्या गाठींच्या मागे एका शाळेचं वेळापत्रक होतं.

"मोठे साहेब आठवतात का तुम्हाला?" मावशींनी विचारलं.

"चेहरा नाही आठवत. शब्द आठवतो," म्हातारा म्हणाला आणि त्यानं बोटानं हवेत 'व्य' काढला.

मुलगी अजून दारातच होती. तिनं विचारलं, "म्हणून तुम्ही मला बाई म्हणता? मला वाटायचं, लाडानं म्हणता."

"बाईंना कुणी नावानं हाक मारतं का?" म्हातारा म्हणाला. "चहा उतू जातोय बघ."

चहा खरंच उतू गेला होता. तो पुसायलाही कुणी उठलं नाही.

निघताना सपाटेनं विचारलं, "काका, शनिवारी येता का? खुर्चीसकट उचलून नेतो. बघायला."

"मला काय बघायचंय? मीच लिहिलंय ते. हिला ने."

शनिवारी मुलगी आली. मावशींनी दारं उघडली. सपाटे त्याआधी मंगळवारीच एकदा येऊन गेला होता, कुणी न बोलावता. ज्या जोड्या त्यानं बदलल्या होत्या त्यांना त्यानं नव्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं, पण चिठ्ठ्या मेणात नीट बुडवल्या होत्या.

मुलगी शिडी चढली. खांद्यापर्यंत छतात गेली. खालून सपाटेला फक्त तिच्या चपला आणि टॉर्चचा हलणारा उजेड दिसत होता. एका हातानं फोन लावायचा आणि दुसऱ्या हातानं सामान आवरायचं अशी त्याची रीत, पण आज त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

"चष्मा," वरून आवाज आला. "छत्री. मिशा." मग टॉर्च मजल्याच्या टोकाकडे वळला. "ही पहिली अक्षरं. 'ग'चा काना सुटलाय." उजेड पुढे सरकला. "नळ."

ती एकदम थांबली.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"ळ उलटा काढलाय." तिचा आवाज बदलला होता. "मी असाच काढायचे. आरशात बघितल्यासारखा. आमच्या बाईंनी माझा कान धरला, तेव्हा सुधारला."

"मग पुढे बघा," सपाटे म्हणाला. "पुढे कुठे सुलटा झालेला ळ आहे का?"

उजेड लांब गेला, परत आला, पुन्हा लांब गेला. मावशी खुर्चीतून उठून शिडीशी आल्या होत्या. वरून चिठ्ठ्यांची सावकाश सळसळ येत होती.

"या मजल्यावर नाही," मुलगी म्हणाली. ती खाली उतरली. केसांत कोळिष्टकं होती, हातांना मेण लागलं होतं. तिनं जिन्याकडे पाहिलं. "दुसऱ्यावर 'खिडकीजवळ' आहे म्हणालात ना तुम्ही?"

सपाटेनं शिडी खांद्यावर घेतली आणि तिघं वर निघाली.